लाजाळू मुलगा आणि न्हाणीतली बादली

इंटरच्या परीक्षेला आम्हाला एक जुनं इंग्रजी विनोदी नाटक होतं. मी घरी राहूनच अभ्यास करत होते, कारण तुळजापुरात तेव्हा कॉलेज कुठलं? हायस्कूलचे एक मास्तर शिकवायला येत आणि पात्रं, आशय, प्रतीकं सगळं वहीत उतरवून देत. नाटकातला नायक भल्या घरच्या मुलींसमोर मान वर करत नाही, त-त-प-प करतो, पण मोलकरणींशी मात्र भलताच मोकळा. होणाऱ्या सासऱ्याच्या घराला तो सराई समजतो. मग नायिका साधे कपडे घालून मोलकरीण बनते आणि त्याचा खरा स्वभाव बघते. 'कपडे हे दर्जाचं प्रतीक आहे' हे वाक्य मी घोकून घोकून पाठ केलं होतं. आणि त्या नायकावर पोट धरून हसलेही होते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, देवीचे पुजारी. निजामाच्या अमदानीत उर्दूत शिकलेले. नाटकाची गोष्ट ऐकून म्हणाले, "घराला सराई समजला, त्यात हसायचं काय? आपल्या घराला लोक रोजच समजतात की!" ते खरंच होतं. यात्रेकरूंनी पुजाऱ्याच्या घरी उतरायचं ही आमच्याकडची रीत. मंगळवारी तर ओसरीवर पाय ठेवायला जागा नसे.

अशाच एका मंगळवारी मला बघायला सोलापूरचा मुलगा येणार होता. नोकरी चांगली, घर चांगलं, अण्णा खुशीत. दुपारी येतो म्हणून कळवलेलं, पण बाप-लेक आले सकाळच्याच एसटीनं. आधी दर्शन उरकू, मग ओळख देऊ, असा त्यांचा विचार. अण्णा देवळात. आईला ते यात्रेकरूच वाटले. तिनं त्यांना सतरंजी दाखवली आणि ती पुरणाकडं वळली.

मी विटकं पातळ खोचून न्हाणीत ऊन पाण्याची बादली नेली. तिथं एक तरुण यात्रेकरू उभा होता. बादली खाली ठेवते न ठेवते तोच त्यानं माझं मनगट धरलं. "पाठ चोळायलाही तूच का?" असं म्हणून हसला. मी हात हिसडला आणि पळाले. आईला सांगावंसं वाटलं, पण आलेल्या यात्रेकरूबद्दल ब्र काढायचा नाही अशी घरची शिस्त.

दुपारी चांगलं पातळ नेसून पोह्यांचं ताट घेऊन गेले, तर समोर तोच! मान खाली, कान लाल, नाव विचारताना तीनदा अडखळला. "आमचा लई लाजाळू आहे," त्याचे वडील कौतुकानं म्हणाले. अण्णांच्या डोळ्यांत तर सुपारी फुटलीच होती. आणि त्यानं मला ओळखलंसुद्धा नाही. सकाळी त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलंच नव्हतं. मास्तरांनी लिहून दिलेलं प्रतीक असं आमच्याच घरात येऊन बसेल, हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मी तडक स्वयंपाकघरात आले. "आई, मी याच्याशी लग्न करणार न्हाई. सकाळी न्हाणीत यानंच माझा हात धरला!"

आईनं बाहेरचा कानोसा घेतला. मग दबक्या आवाजात म्हणाली, "त्याला काय ठाऊक तू कोण ते? मोलकरीण समजूनच धरला न्हवं? बायको म्हटल्यावर नीट वागंल."

मी भडकले. "मी काय मोलकरीण आहे, कुणीही हात धरायला?"

मोरीवर आमची मावशी भांडी घासत होती. माझ्या जन्माआधीपासून ती आमच्याकडं कामाला. हातातली राखुंडी तशीच ठेवून तिनं माझ्याकडं पाहिलं.

"म्हंजी मी असते तर चाललं असतं, व्हय ताई?"

अण्णा दारात येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते तसेच बाहेर गेले, पाहुण्यांपुढं हात जोडले आणि म्हणाले, "प्रसाद घेऊन जा. ही सोयरीक व्हायची न्हाई."

सुटले, म्हणून मला हायसं वाटायला हवं होतं. पण मी मावशीकडंच बघत राहिले. ती पुन्हा खाली मान घालून घासू लागली. त्या दिवशी पुरणाच्या भांड्यांचा ढीग पडला होता, म्हणून सकाळी पाणी मी नेलं होतं. एरवी दर मंगळवारी न्हाणीत बादली घेऊन तीच जायची. इतक्या वर्षांत तिनं कधी काही सांगितलं नव्हतं, आणि आमच्यातल्या कुणी कधी विचारलंही नव्हतं.