सुंता : एका नोंदीचं भांडण

आम्ही काही हौशी माणसं इंटरनेटवर मराठीत एक ज्ञानकोश लिहितो. मी मूळची मुद्रितशोधक, त्यामुळे भांडणं मिटवायचं काम माझ्याकडे. ‘सुंता’ या नोंदीवरचं भांडण मात्र मिटेना. एकजण त्यात ‘अंगविच्छेद’ लिहायचा, दुसरी कुणी ते खोडून ‘पवित्र संस्कार’ लिहायची, की पुन्हा ‘अंगविच्छेद’. शेवटी दोघांनाही रविवारी कामोठ्याला माझ्या घरी बोलावलं.

ती रत्नागिरीकडची, मराठी शिकवणारी मुस्लिम बाई, माझ्याच वयाची. तो घणसोलीत भाड्याने राहणारा, कंपनीत नोकरी करणारा तरुण. तोही मुस्लिम घरातलाच निघाला. हे मला अपेक्षित नव्हतं.

“मॅडम, सरळ बोलतो,” चहा यायच्या आत तो म्हणाला. “सहा वर्षांचा होतो मी. मला कोणी विचारलं? नाही. मग विच्छेद नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?”

“तुमच्या एकट्याच्या मनात जे आहे ते ज्ञानकोश कसं म्हणेल?” बाई शांतपणे म्हणाल्या. “आमच्या घरी खतना म्हणतात. मुलाला नवे कपडे, गळ्यात हार, घरभर पाहुणे. ‘सुंता’ हा शब्द मी घरात कधी ऐकला नाही. ऐकला तो शाळेत, मला चिडवताना.”

मी चपापले. मला तर तो शब्दकोशातला साधा शब्द वाटत होता. कोणाचीच बाजू न घेणारा शब्द म्हणून मीच तो मथळ्याला ठेवला होता.

तासभर वाद झाला. दोघांचेही आवाज चढले. मग बाई म्हणाल्या, “वर्गात वादस्पर्धा घेते तेव्हा मी ऐनवेळी मुलांच्या बाजू बदलते. तुमचं म्हणणं मी लिहिते. माझं तुम्ही लिहा.”

तो हसला, पण लॅपटॉप उघडला. मी दुसरा चहा टाकला.

त्याने लिहिलं होतं : ‘मुस्लिम व ज्यू कुटुंबांत या विधीने मूल पिढ्यांच्या परंपरेशी जोडलं जातं, असं मानतात, अनेक घरांत तो आनंदाचा दिवस असतो.’ बाईंनी लिहिलं होतं : ‘लहान वयात मुलाची संमती घेता येत नाही. मोठेपणी काही पुरुषांना ही आपल्या शरीराची हानी वाटते, आणि ते तिला विच्छेद म्हणतात.’

त्याने ते दोनदा वाचलं. “हानी शब्द तुम्ही लिहिलात?”

“तुमचाच आहे. मला पटलेला नाही. पण तुमचं म्हणणं त्याहून कमी लिहिलं असतं तर खोटं झालं असतं.”

मग चष्मा काढून पुसता पुसता त्यांनी विचारलं, “फार दुखलं होतं का रे तुला?”

“दुखलं. पण अम्मी दाराबाहेर रडत होती, ते जास्त आठवतं.”

“माझ्या मुलाला मी कधी विचारलंच नाही,” त्या म्हणाल्या.

आयुष्यभर मी इतरांच्या वाक्यांतल्या चुका काढल्या. आपल्याला न पटणारं वाक्य, ज्याला ते पटतं त्याच्यासाठी इतक्या निगुतीने लिहिणारी माणसं मी त्याआधी पाहिली नव्हती. चहा उतू गेलेला मला वासानेच कळला.

लोक हाच शब्द शोधतात म्हणून मथळा ‘सुंता’च राहिला, पहिल्याच ओळीत खतना आला, आणि हा शब्द हिणवण्यासाठीही वापरला जातो हेही आलं. मत बदललं मात्र कोणाचंच नाही. जाताना जिन्यातही दोघं वाद घालत होते.

पुढे कोणीतरी त्या नोंदीत ‘रानटी प्रथा’ असं घुसवलं. मी खोडायला गेले, तर ते आधीच खोडलेलं होतं. खाली त्या तरुणाची टीप होती : ‘असं कोण म्हणतं, ते लिहा. आपण नाही म्हणायचं.’