भाऊजींनी जोडलेली जीप

आमच्या भाऊजींना कुठेही भोक दिसलं की ते बुजवल्याशिवाय चैन पडत नसे. भिंतीतलं खिळ्याचं भोक, बादलीचा तडा, दाराची फट, काहीही चालायचं. खिशात ओल्या फडक्यात गुंडाळलेला शाडूचा गोळा कायम असायचा आणि बोलता बोलता हात आपोआप कामाला लागायचे. लग्न होऊन मी रोह्याहून पेणला आले, तर आठवड्याच्या आत त्यांनी माझ्या ट्रंकेचं किल्लीचं भोक लिंपून टाकलं! वर म्हणतात, "वहिनी, मुंग्या शिरल्या असत्या." तेव्हापासून पुरणाची चाळण मी त्यांच्या नजरेआड ठेवू लागले.

भाऊजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. घरचा गणपतीचा कारखाना मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, उभा केलेला. ऑर्डरी आणि गिऱ्हाइकं हे बघायचे, आणि साच्यातून निघालेल्या मूर्तीत जे काही राहून गेलं असेल ते भाऊजींकडे यायचं. कुठे हवेचा बुडबुडा, कुठे तुटलेलं बोट. त्यांनी भरलेली जागा दुसऱ्या दिवशी त्यांची त्यांनाही सापडायची नाही. ह्या नादापायी लग्नही राहिलं. एकदा मुलगी बघायला गेले, तर मुलगी समोर पोह्यांची बशी घेऊन उभी आणि भाऊजी तिच्या मागच्या भिंतीतल्या भगदाडाकडे टक लावून बसलेले. तिकडून नकार आला. "बरं झालं," भाऊजी म्हणाले, "घर पार पोकळ होतं वहिनी."

फणसाखाली मामंजींची जीप उभी होती. तरुणपणी त्यांनी ती लष्कराच्या लिलावातून आणलेली, कापडी टपाची, हिरवी. तिच्यात पेंढा पसरून पेणहून रोह्यापर्यंत गणपती पोचवले त्यांनी. मीही सासरी आले ती तिच्यातूनच, शालू सावरत आणि मनातून धास्तावत. पुढे टेम्पो आला नि जीप फणसाखाली गेली ती गेलीच. खाडीकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने तिला अशी खाल्ली, की पायदानावर कोंबडी बसली तरी पत्रा करकरायचा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मामंजींना काचबिंदू निघाला. पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत यायची नाही आणि उरलेलीही फार टिकायची नाही.  काही दिवसांनी एका सकाळी मामंजी चहाचा कप खाली ठेवून भाऊजींना म्हणाले, "ती गाडी उभी कर रे. होती तशी, हिरवीगार. एकदा डोळं भरून बघू दे मला. मग जाऊ देत डोळं."

भाऊजींनी मान डोलावली आणि त्याच दिवशी फणसाखालचा पालापाचोळा काढायला घेतला.

गणपती होऊन गेलेले, अंगण मोकळं होतं. इंजिन एसटी स्टँडजवळच्या मेकॅनिकने सुरू करून दिलं, पण बॉडी बघून तो म्हणाला, "ह्याला काय करू? हात लावला का हातात येतं." मग बॉडीचं काम भाऊजींनी स्वतःकडे घेतलं. दिवसभर खरवड खरवड, सगळीकडे गंजाचा लाल भुगा. मी पोह्याचे पापड वाळत घातलेले, त्यांच्यावर ही लाल पूड! मी अशी भडकले की विचारू नका. भाऊजी शांतपणे म्हणाले, "असू दे वहिनी, रक्त वाढतं लोखंडानं. डॉक्टर पैसं घेऊन देतात." त्या दिवशी त्यांना जेवण वाढलं, पण पापड वाढला नाही.

आणि काय सांगू, थोड्याच दिवसांत जीप तयार! मडगार्ड गुळगुळीत, दारं भरीव, पायदान सरळ, वर ताजा हिरवा रंग. मी चाट पडले. मामंजींना हाताला धरून उन्हात आणलं. तेव्हा त्यांना धुरातून बघावं तसं दिसत होतं. मान वाकडी करकरून त्यांनी जीप पाहिली आणि असे हसले, की मला वाटलं, चला, म्हाताऱ्याची इच्छा पुरी झाली.

मग ते पुढे झाले. मडगार्डवरून हात फिरवला. मूर्ती वाळली की नाही हे बघायला ते बोटाच्या पेराने ठोकून कानोसा घ्यायचे, तसंच सवयीने ठोकलं. ठप्प. दारावर ठोकलं. ठप्प.

"गणपती केलास काय रे हिचा?"

भाऊजी कसनुसं हसले. खरं म्हणजे त्यांनी तेच केलं होतं. भोकांवर जाळी लावून काथ्या आणि प्लास्टर भरलं होतं, पॉलिश पेपरने घासून वर रंग दिला होता. हातांना जे येत होतं ते त्यांनी जीव ओतून केलं होतं.

"पहिल्या पावसात गळून पडंल ही," मामंजी म्हणाले. "मला दिसत नाय, म्हणून मातीची गाडी दाखवतोस व्हय मला?" आणि भिंत चाचपत घरात निघून गेले.

भाऊजींनी हातोडी घेतली आणि भरलेलं सगळं आपल्याच हाताने फोडून काढलं. मी जेवायला बोलवायला गेले तर जीपला टेकून बसलेले. "पत्र्याचं काम शिकायला वेळ लागला असता वहिनी," म्हणाले, "आणि तवर त्यांचं डोळं गेलं असतं. म्हणून केलं ओ." डोळे पुसायला गेले तर प्लास्टरने तोंड पांढरं झालं. मला हसू यायला हवं होतं, पण मी तोंड धुवायला पाण्याचा तांब्या आणून पुढे ठेवला.

माझा भाऊ रोह्याजवळ धाटावला कंपनीत वेल्डर होता. त्याला सुट्टी असली की भाऊजी सकाळच्या गाडीने रोह्याला जायचे आणि माझ्या माहेरच्या पडवीत बसून वेल्डिंग शिकायचे. भावाने मला सांगितलं, "ताई, हात चांगला हाय ह्यांचा, पण दाबून दाबून बसवायला बघतात. सांग त्यांना, पत्रा म्हणजे शाडू नाय." सुरुवातीला त्यांनी पत्र्याला जिथे नव्हती तिथेही भोकं पाडली. शर्टालाही पाडली.

एक मात्र ते तिकडून पक्कं शिकून आले. "गंज दिसतो तेवढाच कापून भागत नाय वहिनी. चांगला पत्रा लागेपर्यंत मागं मागं जावं लागतं." मी म्हटलं, "मागं जाता जाता गाडी उरली म्हणजे मिळवली!" खरोखरच थोडीच उरली. एवढं शिकूनही मूर्तिकाराची खोड जाईना. उजवा मडगार्ड त्यातल्या त्यात शाबूत होता, म्हणून त्याच्यावरून प्लास्टरचा साचा काढला, त्यावर पत्रा ठोकठोक ठोकला आणि मोठ्या दिमाखात डावीकडे बसवायला गेले. तो दुसरा उजवा मडगार्ड तयार झाला होता! मी पदर तोंडात कोंबून घरात पळाले. भाऊजी बराच वेळ तो पत्रा उलटा सुलटा करत होते. मग गुपचूप पुन्हा पहिल्यापासून ठोकायला बसले.

इकडे मामंजींची नजर विझत चालली होती. आधी चेहरे गेले, मग दाराचा उजेड. अंगणातली ठोकाठोक ऐकत ते ओटीवर बसायचे, पण कामाचं एका अक्षराने विचारायचे नाहीत. होळीच्या सुमारास शेवटचा पत्रा बसला, रंग वाळला, जीप खरोखर उभी राहिली. त्याच सकाळी मामंजींनी मला हाक मारली, "गो, उजाडलं नाय काय अजून?" आणि ऊन तर त्यांच्या मांडीवर पडलेलं होतं.

भाऊजी दारातच उभे होते. ते तसेच परतून जीपजवळ जाऊन बसले. "आता काय दाखवू त्यांना?" एवढंच म्हणाले. इतक्या महिन्यांची मेहनत आणि बघणारे डोळेच नाहीत. मला त्यांच्याकडे बघवेना.

दुपारी मात्र ताडकन उठले आणि ओटीवर गेले. "बाबा, चालवता?"

मामंजींना वाटलं ऐकण्यात चूक झाली. मलाही तसंच वाटलं. हे कामासाठी बाहेर गेलेले, नाहीतर घर डोक्यावर घेतलं असतं. जिते गावाच्या बाजूला आमचं खाडीलगतचं शेत होतं, भात कापून मोकळं झालेलं. तिथपर्यंत भाऊजींनी जीप नेली आणि मामंजींना स्टिअरिंगवर बसवलं. स्वतः शेजारी बसले. मी मागे, देवाचं नाव घेत.

"जरा डावीकडं, बाबा. हां, सरळ."

"मला शिकवू नको. तुझ्या जन्माआधीपासून चालवतोय ही."

आणि चालवली की! ढेकळांवरून आदळत, धूळ उडवत. मामंजींच्या चेहऱ्यावर असा आनंद मी ना त्याआधी पाहिला, ना त्यानंतर. आनंदाच्या भरात त्यांनी गिअर बदलला, भाऊजी "उजवीकडं, उजवीकडं!" म्हणेपर्यंत धाडकन बांधावर धडक बसली आणि इंजिन बंद पडलं.

कुणाला काही लागलं नव्हतं. पण पुढे डावा मडगार्ड, तोच, दोनदा ठोकलेला, पार मुडपला होता.

"लागलं काय रे गाडीला?" मामंजींनी विचारलं.

मी मागून भाऊजींना खुणा केल्या, नाही म्हणा, नाही म्हणा. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, मडगार्डकडे पाहिलं.

"लागलं, बाबा. डावा मडगार्ड पार आत गेला."

 मामंजी खो खो हसायला लागले. "मंग? पत्राच तो, आत जाणारच! मातीचा असता तर भुगा झाला असता." आणि मुलाच्या पाठीवर अशी थाप मारली, की भाऊजी पुढे झुकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत. खांदे तेवढे हलत होते.

मामंजी पुढच्या वर्षी गेले. भाऊजी त्यानंतर बरीच वर्षं त्या जीपमधून रोह्याला गणपती पोचवत राहिले. आता तेही नाहीत. दर वर्षी गणपतीआधी ते जीपचा एकेक पत्रा तपासायचे, रंगवायचे, पण तो डावा मडगार्ड तसाच मुडपलेला राहिला. वाटेत भेटेल तो माणूस विचारायचा. शेवटी एकदा मीच म्हटलं, "अहो भाऊजी, तासाभराचं काम. ठोकून सरळ करा की."

त्यांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

"दुसऱ्यानं पुरी केलेली मूर्ती आपण परत सुधारायला घेतो काय, वहिनी? ते बाबांच्या हातचं काम हाय."