पुढच्याची हाक

आगगाडी नेरळपर्यंत आली, तरी तिथून वर माथेरानला चढायचं ते घोड्यावरून, नाहीतर माणसांच्या खांद्यावरून. घोड्याला भिणारी मंडळी डोली करत. नेरळचा कोंडाजी तीस वर्षं डोली वाहत होता. डोलीतला माणूस चढावर जेवढा जड होतो तेवढा उतारावर हलका का होत नाही, हे कोडं मात्र त्याला सुटलं नव्हतं. “मधलं वजन जातं कुठं रं?” असं तो एखाद्या जाड्या शेटजीला खांद्यावर घेऊनच मोठ्यानं विचारी.

डोलीला पुढं एक, मागं एक. पाळीनं खांदा द्यायला आणखी दोघं बरोबर चालत. मागच्याच्या नाकासमोर डोली; त्याला वाट दिसायचीच नाही. पुढच्यानं हाक द्यायची, मागच्यानं त्या हाकेवर पाय टाकायचा. “पायरी!” “दगूड डावा!” “निसरडं!” कोंडाजी कायमचा पुढचा. ही हाक त्याच्या अंगात इतकी मुरली होती, की पंगतीत बसला तरी शेजारच्याला “मिरची!” म्हणून सावध करी.

शेलूचा गजा सोळाव्या वर्षी त्याच्याकडे शिकायला आला. कोंडाजीनं त्याच्या डोळ्यांवर फडकं बांधलं आणि महिनाभर त्याला शेताच्या बांधांवरून चालवलं. पुढं कोंडाजीची हाक, मागं गजाचे पाय. मग अदलाबदल झाली; फडकं कोंडाजीच्या डोळ्यांवर आलं. हाक द्यायची पाळी आली तेव्हा गजानं गंमत म्हणून “साप!” अशी आरोळी ठोकली. कोंडाजी हातभर उडाला, चिखलात बसला, आणि उठून त्यानं गजाच्या कानाखाली वाजवली.

“दोनच शब्द ध्यानात ठेव. हाय आन् नाय. हाय ते सोडायचं नाय, नाय ते सांगायचं नाय. एकदा खोटी हाक गेली, की मागचा खऱ्या हाकेलापन पाय उचलत नाय.”

पुढं आठ वर्षं गजा त्याच्या मागं चालला. गजाच्या लग्नात नवरानवरी घरात शिरताना गर्दीतून कुणीतरी “उंबरा!” म्हणून ओरडलं. कोण, ते सांगायला नकोच. नवरी जनी हसता हसता माप ओलांडायची विसरली.

त्या वर्षी दिवाळीनंतर डोल्या पुन्हा सुरू झाल्या. एका वळणावर जांभळीचं जाडजूड मूळ वाटेत आडवं असायचं. पावसानंतर वाट नीट करणाऱ्यांनी ते साफ कापून टाकलं होतं. रिकाम्या खांद्यानं चालताना गजानं ते पाहिलंही होतं.

“मूळ!” कोंडाजीची हाक आली.

गजाचा पाय सवयीनं उचलला गेला, आणि मग त्याला आठवलं, तिथं आता मूळ नव्हतं. विसाव्याला त्यानं गुळाचा खडा कोंडाजीपुढं धरला. कोंडाजीचा हात दोनदा हवेत चाचपडला. त्याच्या डोळ्यांत दुधी पडदा उतरला होता. म्हातारा तीस वर्षांच्या आठवणीवर घाट चढत होता. एका अंगाला दरी होती.

मुकादम येसाजीला कळलं असतं तर कोंडाजी त्याच दिवशी घरी बसला असता.  दोन दिवसांनी गजानं हळूच विषय काढला.

“काका, मला पुढची सवय करायची हाय.”

कोंडाजी तंबाखू मळत होता. “कर की. मागच्याला डोळं लागत न्हाईत,” तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

दुसऱ्या दिवशी गजा पुढं झाला. जांभळीचं वळण आलं. हाक दिली नाही, तर म्हातारा विचारणार, मूळ कुठं गेलं? मग दिवाळीपासून आपण काय ओरडत होतो, हे त्याला कळणार.

“मूळ!” गजानं हाक दिली.

कोंडाजीचा दमलेला पाय त्या दिवशी पुरता उचलला गेला नाही. ठेच लागायला हवी होती. लागली नाही.

वर जाऊन कोंडाजीनं डोली उतरवली. मग जवळ आला.

“गजा, जांभळीचं मूळ हाय का?”

गजा डोलीची दोरी आवळू लागला.

“हाय का नाय? दोनच शब्द शिकवलं व्हतं तुला.”

“नाय.”

“कवापासनं?”

“दिवाळीच्या आधीपासनं.”

“म्हंजी मीपन खोटीच देत व्हतो,” कोंडाजी म्हणाला. दांडा रुतू नये म्हणून खांद्यावर घेतलेली फडक्याची जाड घडी त्यानं काढली आणि चाचपत गजाच्या खांद्यावर ठेवली. “येसाजीला सांग, उद्यापासनं पाळीतल्या हिरूला मागं लाव.”

“काका, कुनाला कळनार नाय...”

“तुला कळलंय की रं.”

उतरताना डोली रिकामी होती. ती पाळीच्या दोघांनी घेतली आणि ते पुढं निघून गेले. मागं गजा आणि कोंडाजी राहिले. गजा पुढं चालून हाका देत होता. “पायरी. दगूड डावा. निसरडं.” मागून पावलं बरोबर पडत होती. जांभळीचं वळण आलं. गजानं हाक दिली नाही.

“ही बराबर दिलीस,” मागून कोंडाजी म्हणाला.