आईंच्या हातावरची भाकरी

तांदळाच्या पिठाच्या उकडीला एक ओलसर, गोडूस वास येतो. वाफेबरोबर तो नाकात शिरतो आणि थेट पोटात जाऊन भूक जागी करतो. दोन हजार सालानंतर राहनाळ गावातल्या आमच्या भातखाचरांवर गोदामं उठली, दारापुढून ट्रक धडधडू लागले, तरी त्या धुरातही हा वास आपली जागा सोडीना. सासूबाईंच्या ओल्या तळहातांवर भाकरी गरगर फिरत मोठी होत जाई. मी बाई भिवंडी शहरात वाढलेली, पोळपाटाशिवाय माझं पान हलत नाही!

पुढं त्यांना विस्मृतीचा आजार जडला. भाकऱ्या तव्यावर करपू लागल्या, तसं आम्ही त्यांना प्रेमानं खुर्चीत बसवलं. आमच्याकडे म्हाताऱ्या सासूला काम करू देणं म्हणजे सुनेची नाचक्की! पण ही कसली सेवा? काम सुटलं, तसे त्यांचे हातही थंडावत चालले. घास तोंडाशी न्यायचा, हेसुद्धा त्या विसरू लागल्या. आज भरवीन, उद्या कूस बदलवीन, आणि परवा? मला फार भीती वाटे.

इस्पितळातल्या थेरपीच्या बाईंनी बजावलं, त्यांची कामं काढून घेऊ नका, सोपी करून द्या. रोज त्याच वेळी, त्याच जागी बसवा, एका वेळी एकच वस्तू पुढं ठेवा आणि चुकलं तरी टोकू नका. टोकू नका! माझ्यासारख्या तिखट जिभेच्या बाईला याहून कठोर पथ्य कोणतं?

उकड मी मळायची, गोळा त्यांच्या हाती द्यायची, विस्तवाशी मी. शेजारीण कुंपणावरून म्हणालीच, "सून बसलेय नि म्हातारी राबतेय, कलियुग हाय गो!" हाय तर हाय, म्हटलं. पहिले काही दिवस गोळे नुसते कुस्करले गेले. मग एका सकाळी बोटं आपण होऊन पाण्यात बुडाली आणि गोळा तळहातांत फिरू लागला. नावं-नाती पुसली गेल्यावर स्मृती मनगटाच्या आश्रयाला जात असेल का? कोण जाणे! भाकरी वेडीवाकडी झाली, पण झाली.

त्या दिवशी सुकटीच्या कालवणाशी ती भाकरी त्या स्वतःच्या हातानं जेवल्या. मग अर्धी मोडून माझ्यापुढं सरकवली आणि परक्या पोरीकडे पाहावं तसं मायेनं पाहत म्हणाल्या, "कोणाची गो तू? खा. सासू जेवाया देत न्हाय वाटतं?"

मला हसू आणि रडू एकदमच आलं. "देते ना आई," मी म्हटलं, "लय माया करते माझ्यावर."

त्यांनी समाधानानं मान डोलावली, आणि माझं जेवण होईतो त्या समोरून हलल्या नाहीत.