एमिलीबाईंचा सातवीचा वर्ग

एमिली तुस्कानो वालीवच्या पलीकडच्या जिल्हा परिषद शाळेत लागल्या, तेव्हा वर्गात कुणाला आडनाव विचारावं लागत नसे. पाटील, भोईर, म्हात्रे, घरत, एवढ्यातच सातवी संपायची. पोरं भातशेतीतली, अंगाला चिखलाचा वास असलेली. पण शिष्यवृत्तीच्या परीक्षेत दरवर्षी त्यांतली दोन-तीन लागायचीच. तालुक्याच्या सभेत शाळेचं नाव निघालं की मुख्याध्यापक खुर्चीत जरा सरळ होऊन बसत.

मग शेतं विकली गेली. जिथे भात होता तिथे कारखान्यांचे गाळे उभे राहिले. पाटील-भोईरांनी फ्लॅट घेतले, आणि त्यांची पोरं टाय लावून व्हॅनमधून इंग्रजी शाळेत जाऊ लागली. नव्वद सालानंतर दर जूनला वर्गातली ओळखीची आडनावं कमी होत गेली. बाईंच्या बरोबर शिकवणारे श्रीरंग सर, त्यांनीही आपल्या सिद्धेशला एके वर्षी काढून इंग्रजी शाळेत घातलं. "काय करणार बाई, घरच्यांचा हट्ट," एवढंच म्हणाले. पुढे तेही बदली करून घेऊन गेले.

रिकाम्या झालेल्या बाकांवर गाळ्यांमधल्या कामगारांची मुलं आली. कुणी गोरखपूरकडचं, कुणी बिहारचं, कुणी बीड-परभणीचं, काही पाड्यावरची. बाई फळ्यावर धडा लिहीत आणि मागे वळून बघत, तर निम्म्या चेहऱ्यांवर काहीच उमटलेलं नसे. त्यात एखाद्याला जरा वाचता यायला लागावं, तोवर बापाचं काम सुटे आणि ते मूल न सांगता नाहीसं होई. निकाल खाली येत गेला.

बाईंचं घर वसईच्या पश्चिमेला, केळीच्या वाडीत, चर्चपासून जवळ. लग्न झालं नव्हतं. वडील आधीच गेले होते, शहाण्णव साली आईही गेली. धाकटा भाऊ पॉल कॅनडात. तो नाताळला यायचा तेव्हा त्याची मुलं, कॅल्विन आणि डायना, आत्याशी इंग्रजीत बोलायची, दोन वाक्यांनंतर थांबायची. घरची बोली बाई फक्त आईशी बोलत असत. आई गेल्यावर तोंडातले कितीतरी शब्द नुसतेच राहिले.

रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, संपल्यावर शेजारची लिडिया हमखास विचारायची, "तू अजून त्याच शाळेत? आमच्याकडे ये ना, जागा आहे." लिडिया गावातल्याच इंग्रजी शाळेत शिकवायची. एमिलीबाई म्हणायच्या, "बघू." आणि सोमवारी परत वालीवच्या बसला उभ्या राहायच्या.

नव्याण्णवच्या जूनमध्ये त्यांच्या वर्गात बेला आली. बाप काळूराम, स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणाऱ्या गाळ्यात कामाला. मुलीचं नाव घालायला आला तेव्हाही त्याच्या भुवयांत काळी पूड बसलेली होती. "मॅडमजी, इसको पढ़ना है. हमसे ज़्यादा हिसाब इसको आता है," तो म्हणाला.

ते खरंच होतं. बेलाला मराठी बेताचंच येत होतं, पण गणित फळ्यावर पुरं लिहून होण्याआधी तिचं उत्तर तयार असे. दिवाळीपर्यंत ती मराठीत भांडू लागली. बाईंनी ठरवलं, हिला शिष्यवृत्तीला बसवायचं. आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या सभेत शिक्षण खात्याच्या साहेबांनी शाळेच्या निकालावरून सगळ्यांसमोर सुनावलं, तेव्हा बाई उठून म्हणाल्या, "यंदा आमचं एक मूल लागेल." असं काही त्या सभेत त्या कधी बोलल्या नव्हत्या.

डिसेंबरात गाळ्याच्या मालकाने सगळं सामान गुजरातच्या सीमेजवळ सेलवासला हलवलं. बायको-मुलांना घेऊन काळूरामलाही जावं लागणार होतं. बाई त्यांच्या खोलीवर गेल्या. बेलाची आई दारातच डोक्यावरचा पदर सावरत उभी राहिली.

"परीक्षेपर्यंत हिला माझ्याकडे राहू द्या," बाई म्हणाल्या. "फेब्रुवारीत मी स्वतः आणून सोडते."

काळूरामने बायकोकडे पाहिलं. तिने बेलाकडे. बेला म्हणाली, "मी राहते."

अशी ती वाडीतल्या घरी आली. पहिले काही दिवस ती देव्हाऱ्यातल्या मारियेच्या पुतळ्याकडे तिरकं बघायची, मग संध्याकाळी मेणबत्ती लावायचं काम तिनेच घेतलं. ती मासे खात नसे, म्हणून बाईंनी बाजारातून बोंबील आणणं थांबवलं. जानेवारीची थंडी पडली तशी पेटीतला आईचा स्वेटर उसवून तिच्या मापाचा विणला. शाळेतून दोघी बरोबर घरी येत, चहा-पाव खात आणि अपूर्णांक सोडवायला बसत. वाडीतून जाताना लिडिया एकदा म्हणाली, "हल्ली तुझ्या घरातून हसण्याचा आवाज येतो गं." बाईंना ते ऐकून बरं वाटलं. बसस्टॉपवरून घरी जाताना आपण भराभर चालतो आहोत, हेही त्यांच्या लक्षात आलं होतं.

पण जानेवारी संपता संपता बेलाचं जेवण कमी झालं. सोपी गणितं चुकू लागली. विचारलं तर, "काही नाही बाई," म्हणायची.

एका शनिवारी दुपारी बाई चर्चमधून लवकर घरी आल्या. मागच्या अंगणात बोलण्याचा आवाज येत होता. कोण आलंय म्हणून त्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या. बेला विहिरीच्या पायरीवर एकटीच बसली होती आणि दोन आवाजांत बोलत होती. जरा जाड आवाज काढून म्हणे, "खइलू बबुनी?", जेवलीस का पोरी. मग आपल्या आवाजात, "हँ माई." मग पुन्हा जाड आवाजात काहीतरी लांबलचक, बाईंना न कळणारं. मग स्वतःच मान हलवी.

बाई दाराला धरून उभ्या राहिल्या. आई गेल्यानंतरच्या पावसाळ्यात, चूल पेटवताना, त्याही असंच बोलल्या होत्या. हे त्यांनी कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

त्या बाहेर येऊन तिच्याजवळ बसल्या.

"आईकडे जायचंय?"

"नको. परीक्षा झाल्यावर."

"आत्ता जावंसं नाही वाटत?"

बेलाने पायरीवरचं शेवाळ नखाने खरवडलं. "तुम्ही एकट्या पडाल ना बाई."

परीक्षा दोन आठवड्यांवर होती. तेवढे दिवस तिला समजावून ठेवता आलं असतं. पण रात्रभर बाईंच्या मनात एकच येत राहिलं, की आपण हिला परीक्षेसाठीच ठेवून घेतलंय का?

दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्या मिस्सेला गेल्या नाहीत. बेलाला घेऊन वापीची गाडी धरली, तिथून रिक्षाने सेलवास. पत्र्याच्या खोल्यांच्या रांगेसमोर बेलाची आई तांदूळ निवडत बसली होती. बेला धावली. सूप उपडं झालं, तांदूळ मातीत गेले, आणि मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडून रडू लागल्या. बाई मागे तिचं दप्तर धरून उभ्या होत्या.

काळूरामने चहा करायला सांगितला. "मॅडमजी, परीक्षा?"

"राहू दे परीक्षा. इथल्या शाळेत लगेच नाव घाला. दाखल्याचं मी बघते. हिची शाळा सोडू नका. सांगा, नाही सोडणार."

"नहीं छुड़ाएँगे," तो म्हणाला.

बेला रस्त्यापर्यंत पोचवायला आली, पण आईचा पदर तिने हातातून सोडला नाही. रिक्षा सुरू झाल्यावर ती काहीतरी ओरडली. इंजिनाच्या आवाजात ते ऐकू आलं नाही.

परीक्षेच्या दिवशी शाळेची एक जागा रिकामी राहिली. पुढच्या सभेत साहेब म्हणाले, "तुस्कानोबाई, तुमचं ते मूल लागणार होतं ना?"

"ती आईकडे गेली," बाई म्हणाल्या.

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. बाई खाली बसल्या.

वर्षभराने, मे महिन्यात, त्या पुन्हा सेलवासला गेल्या. त्या खोलीत दुसरं कुटुंब होतं. काळूराम? कोण काळूराम? शेजारचा एक जण म्हणाला, पॉलिशवाले सगळे गेले, कुणी दमणला, कुणी गावाला. जवळच्या दोन शाळांमध्ये जाऊन विचारलं, पण सुट्टी होती, शिपायाला काही माहीत नव्हतं. बाई संध्याकाळपर्यंत परतल्या. दार उघडलं तेव्हा आत अंधार झालेला होता, आणि देव्हाऱ्यातली मेणबत्ती त्यांनी स्वतःच लावली.

पुढे पटसंख्या इतकी घटली की सातवीचा वर्ग बंद झाला. बाईंची बदली चांदीपला झाली. तिथली मुलं शेतकऱ्यांची आणि पाड्यावरची होती. पाण्याला पानी म्हणायची. बाई ते वहीत सुधारत, तोंडात सुधारत नसत. नवीन आलेल्या प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी त्या विचारत, "घरी आईला काय म्हणून हाक मारतोस?" मूल लाजत उत्तर देई, मग धडा सुरू होई. निकाल बेताचाच राहिला. एकदाच, दोन हजार पाच साली, तिथली संपदा नावाची एक मुलगी शिष्यवृत्तीत लागली. तिच्या बापाने शाळेत पेढे आणले. बाईंनी एक खाल्ला, एक पर्समध्ये ठेवला, आणि घरी गेल्यावर तो कुणाला द्यायचा हे त्यांना सुचेना.

तीन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. पॉलने फोन करून कॅनडाला बोलावलं. त्या एक हिवाळा राहून परत आल्या. निवृत्तीच्या दिवशी चांदीपच्या पोरांनी शाल दिली होती, नारळ दिला होता, ती फाटकापर्यंत सोडायला आली होती. त्या दिवशी बसमध्ये बसायला जागा होती. बाई खिडकीशी बसल्या, आणि शेतं संपेपर्यंत बाहेर बघत राहिल्या.