गोंदातला अंगठा

टीव्ही दुरुस्तीला आला की रहमतचाचा आधी त्याच्या कंपनीच्या नावावर काळी चिकटपट्टी लावत. मग मागचं झाकण काढत, आत वाकत आणि अगदी हळू म्हणत, "सलाम, बाई."

दुकानात बाई नसायची. दिग्रसच्या बंद पडलेल्या जिनिंगसमोरचं ते दुकान, आत चाचा एकटेच. एका भरदुपारी ते ऐकून मी दारातच थबकले. मी बोगस कपाशी बियाण्याविरुद्धची पत्रकं वाटत फिरत होते. पिशवीवर नामांकित नाव, आतलं बी कुणाचं ते कुणी सांगायला तयार नाही. पत्रक वाचून चाचा हसले. "पोरी, तू आत्ता पिशव्या फोडून राह्यली. मी वीस वर्सांपासून डब्बे फोडतो."

त्यांनी भिंग माझ्या हाती दिलं. आतल्या किटवर, म्हणजे सर्किटच्या पाटीवर, कंडेन्सर पक्का बसावा म्हणून कारखान्यात लावलेला पिवळा गोंद. त्यात एक लहानसा अंगठा उमटलेला, मधोमध तिरपा काप. दुसऱ्या कंपनीचा टीव्ही उघडला, तोच काप. तिसरा तर कुणी नावही न ऐकलेला स्वस्त डबा. तोच. फळीवरच्या बंद टीव्हींच्या काचा आमच्याकडे पाहत होत्या.

"नावं धा, हात एक," चाचा म्हणाले. "कोठं बसते, कोणाले ठाऊक. अंगठा लहान हाय, म्हून मी बाई म्हनतो."

त्याच वर्षी अंगणवाडीच्या सुनंदाताईंचा टीव्ही चालता चालता पेटला, भिंत काळी झाली. टीव्हीवरचं नाव मोठं होतं. कंपनीचं पत्र आलं: आमचा माल आमच्याच कारखान्यात बनतो, तुमच्या मेकॅनिकनं हलका पार्ट टाकला. चाचांनी तर त्याची नुसती धूळ झाडली होती! पण लोक आपापले टीव्ही उचलून नेऊ लागले. एकजण दारातूनच म्हणाला, "चाचा, एवढी मोठी कंपनी कायले खोटं बोलन?" चाचांनी त्याच्या टीव्हीवरची पट्टी काढली आणि टीव्ही त्याच्या हाती दिला.

मी यवतमाळला ग्राहक मंचात तक्रार लावली. पुरावा भक्कम होता. जळक्या कंडेन्सरखालच्या गोंदात तो अंगठा शाबूत होता, आणि एका सीलबंद स्वस्त टीव्हीतही तोच निघणार होता. म्हणजे पार्ट कारखान्यातलाच, आणि कारखाना दोन्ही कंपन्यांचा एकच. चाचांचं नाव धुऊन निघणार होतं.

मंचासमोर मी चाचांनी गुंडाळून दिलेली किट कागदातून काढली. लखलखीत! थिनरनं पुसलेली. गोंद नाही, अंगठा नाही. सीलबंद टीव्हीतला अंगठा आता जुळवायचा कशाशी? कंपनीचा वकील हसला. मंचानं तक्रार फेटाळली.

परतीच्या एसटीत मी ओरडलेच. "मळकी वस्तू कोणाच्या हाती देत नाही म्हणता, तीच सवय नडली ना? स्वतःचं नाव पुसलंत, चाचा!"

"सवय नाई, पोरी." ते खिडकीबाहेर पाहत होते. "डाग कोणावर त पडतेच. कंपनी म्हनली असती, या अंगठ्यानं बिघाडलं. माह्यावर ढकललं तसंच. माह्यं निदान दुकान हाय. तिच्याकडं त नावबी नाई."

सुनंदाताईंना त्यांनी आपल्या घरचा टीव्ही नेऊन दिला. मला तेव्हा पटलं नाही, आजही अर्धवटच पटतं. कंपनीचं नाव स्वच्छ राहिलं त्याचं काय? दोन वर्षांनी चाचा गेले तेव्हा दुकानात दुरुस्तीचा एकही टीव्ही नव्हता.

परवा आमच्या घरचा टीव्ही बंद पडला. पातळ, नवा, कुठल्याशा नव्या कंपनीचा. मी नावावर काळी पट्टी लावली आणि मागचे स्क्रू काढले. गोंद आता पांढरा असतो. त्यात अंगठा होता. रेषा झिजलेल्या, पण काप तसाच तिरपा.

खोलीत कुणी नव्हतं. तरी माझ्या तोंडून निघालं, "सलाम, बाई. चाचा गेले."