शेगडीवर धरलेला हात

२०२३ साली मी बहात्तर वर्षांचा होतो आणि ऐन मे महिन्यात, दादरच्या एका हॉलमध्ये, थंडीने मरायला टेकलेला माणूस म्हणून मला जमिनीवर झोपवलं.

नात नर्स आहे, परळच्या एका इस्पितळात. हिमालयात चढाईला जाणाऱ्या एका ग्रुपबरोबर ती औषधपाणी बघायला जाणार होती. त्याचं दोन दिवसांचं ट्रेनिंग. प्रत्येकाने आपापला पेशंट घेऊन यायचा.

"आजोबा, तुम्हाला नुसतं झोपायचंय."

"मग दादरला कशाला? इथेच झोपतो की."

"इथे तुम्ही घोरता. तिथे कण्हायचंय."

गेलो. खरं सांगायचं तर मला जायचंच होतं. थंडीतलं मला कोण काय शिकवतो ते बघायचं होतं. माझी शाळा चौथीपर्यंत, पण गिरणी बंद झाल्यावर अकरा वर्षं मी मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये हमाली केली आहे. बाहेर घामाच्या धारा आणि आत पापण्यांवर बर्फ.

गिरणीतला माझा जोडीदारही तिथे माझ्याबरोबर लागला होता. एका दुपारी त्याचा हातमोजा आतून भिजला, आणि तो बाहेर आला तेव्हा हात पांढराफटक. बोटं खोक्यावर आपटली तर लाकूड वाजल्यासारखी वाजली. आम्हा हमालांचा एक कायदा होता. गोणपाटाने चोळायचं आणि शेगडीवर शेकायचं. मी माझे दंड भरून येईपर्यंत चोळलं. मग पडवीतल्या शेगडीवर चहाचं आधण होतं ते उतरवलं आणि त्याचा हात निखाऱ्यावर धरला. तो ओरडला नाही. मला वाटलं, आराम पडतोय.

पुढे इस्पितळात दोन बोटं कापली. बाकीचा हात राहिला. तो मी राखला असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो, आणि म्हणतच राहिलो. तेव्हापासून दर दसऱ्याला तो करी रोडहून लालबागला येतो आणि सख्ख्या भावाच्या आधी मला सोनं देतो, त्याच तीन बोटांच्या हाताने. चाळीतल्या लोकांसमोर हात वर करून सांगतो, "ह्यो हात हेचो."

तर दादरला. नातीने आणि आणखी दोघांनी मला जाड चटईवर घेतलं, झोपायच्या पिशवीत घातलं, वरून प्लास्टिक लपेटून विड्यासारखं बांधलं. पंखा बंद. शिकवणारी डॉक्टरबाई तिशीतली, नाकावरची कातडी उन्हाने सोललेली. म्हणाली, गारठलेल्या माणसाला अलगद हलवा, धक्क्यानेही त्याचं काळीज बंद पडू शकतं. मला पटलं. मग ती बोटांवर आली.

"गोठलेला हात चोळायचा नाही. कधीच नाही. आत बर्फाचे कण असतात, चोळलं की मांस फाटतं. आणि विस्तवाजवळ तर न्यायचाच नाही. हात बधिर असतो, भाजत राहतो आणि माणसाला कळत नाही. कोमट पाण्यात बुडवायचा. आपल्या कोपराला सोसेल एवढं कोमट. तेही परत गारठणार नसेल तरच."

मी खालून बोललो, "चुकीचं सांगताय."

"पेशंट शुद्धीवर आला!" कोणीतरी म्हणालं. हसले सगळे.

"मी केलंय हे. गोणपाटाने चोळला, शेगडीवर धरला. हात वाचला त्याचा."

बाई माझ्याजवळ उकिडवी बसली. "बोटं सगळी राहिली?"

"दोन गेली."

"शेगडीवर धरलात तेव्हा भाजतंय म्हणाला?"

"नाही. एक शब्द नाही."

ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं, काका."

मला उठून जायचं होतं. पण हात आत बांधलेले. नातीने नाड्या सोडेपर्यंत तसाच पडून राहिलो, बंद पंख्याची पाती बघत. राग यायला हवा होता. आला नाही. काहीच आलं नाही.

परत येताना नात म्हणाली, "आजोबा, करी रोडच्या काकांना हे सांगायची काही गरज नाही हां. इतकी वर्षं झाली."

"तू तुझं बघ."

पण ती माझ्या सोयीचंच बोलली होती. गिरणी गेली, शिक्षण नव्हतंच, नाव घेण्यासारखं हातून झालेलं हे एकच. गप्प बसलो असतो तर ते राहिलं असतं. दसरा आला असता, तोही आला असता. घरी बांगड्याचं तिखलं होतं. चव लागली नाही, पण दोनदा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी करी रोडला गेलो. त्याची चाळ पाडून टॉवर झालाय, तो बाराव्या मजल्यावर. दार त्यानेच उघडलं.

"मेल्या, आज दसरो हा काय?"

ओट्यावर चहा उकळत होता. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. चोळायचं नव्हतं. शेगडी नको होती. कोमट पाणी हवं होतं.

त्याने आपला हात उलटसुलट करून पाहिला, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा.

"पाणी होतां मा रे शेगडीर," तो म्हणाला. "चायचा."

"होतं. मीच उतरवलं."

त्याने गॅस बंद केला. दोन कप भरले, एक माझ्यापुढे सरकवला. मी बसलो नाही. उभ्यानेच चहा प्यायलो, कप विसळून ओट्यावर पालथा घातला, आणि लिफ्ट होती तरी बारा मजले जिन्याने उतरलो.